आज्ञावलीच्या अंतरंगातील दस्तऐवज आणि त्यांचा शोध : पर्ल भाषेतील 'पॉड' परंपरेचा ऐतिहासिक अभ्यास (१९८७ ते २०२०)

सारांश

संगणकाची आज्ञावली आणि तिची माहिती देणारा दस्तऐवज या दोन्ही गोष्टी एकाच फाईलमध्ये ठेवण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत रूढ झाली. पर्ल या भाषेने १९९४ मध्ये 'पॉड' या लेखनपद्धतीच्या द्वारे ही कल्पना अत्यंत सोप्या स्वरूपात प्रत्यक्षात आणली. दस्तऐवज आज्ञावलीपासून दुरावण्याचा प्रश्न त्यामुळे बराचसा सुटला. परंतु हजारो फाईलींच्या पसाऱ्यात दस्तऐवज नेमका कोठे आहे, हा नवा प्रश्न निर्माण झाला. त्याचे उत्तर म्हणून 'पॉड::फाइंड' हे मॉड्यूल पुढे आले. प्रस्तुत निबंधात या घडामोडींचा कालक्रमानुसार आढावा घेतला असून, शोधसाधनाने स्वीकारलेले नियमच 'दस्तऐवज कशाला म्हणावे' हे ठरवीत असतात, असे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : पर्ल, पॉड, पॉड::फाइंड, डिरेक्टरी-वृक्ष, दस्तऐवजीकरण, युनिक्स, इस्की, युनिकोड.

प्रस्तावना

हस्तलिखित पोथीच्या अखेरीस लेखनिक पुष्पिका लिहीत असे. ग्रंथाचे नाव, कर्त्याचे नाव, लेखनाचा शक, स्थळ आणि लेखनिकाचे नाव असा तपशील तीत येत असे. पोथी एका घरातून दुसऱ्या घरी गेली, एका गावातून दुसऱ्या गावी गेली, तरी तिची ओळख तिच्याबरोबरच जात असे. मात्र पुष्पिका वाचण्यासाठी पोथी आधी हाती यावी लागते. ज्या संग्रहात शेकडो पोथ्या आहेत तेथे केवळ पुष्पिका पुरेशी ठरत नाही, सूची लागते. सूची करणाऱ्याने कोणते दप्तर उघडले, कशाला पोथी मानले आणि तिची नोंद कोणत्या नावाने केली, यावर अभ्यासकाला काय सापडेल हे अवलंबून असते.

संगणकाच्या क्षेत्रात हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहिला. आज्ञावलीची माहिती आज्ञावलीतच लिहिली तर ती तिच्यापासून सुटत नाही. पण संगणकावर अशा हजारो फाईली एकात एक गुंफलेल्या डिरेक्टरींमध्ये विखुरलेल्या असतात. त्यांपैकी कोणत्या फाईलींत दस्तऐवज आहे हे बाहेरून कळत नाही. पर्ल या भाषेच्या इतिहासात या प्रश्नाची जाणीव, त्यावरील उपाय आणि त्या उपायाच्या मर्यादा स्पष्टपणे पाहता येतात. तंत्रज्ञानाच्या इतिहासात यंत्रे आणि शोध यांची नोंद होते. नोंदी शोधण्याच्या साधनांचा इतिहास मात्र सहसा लिहिला जात नाही. या दृष्टीने हा विषय संगणकशास्त्राइतकाच इतिहास आणि ग्रंथालयशास्त्र यांच्याही अभ्यासकांना उपयुक्त ठरावा.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. आज्ञावली आणि दस्तऐवज एकत्र ठेवण्याच्या कल्पनेचा उगम व विकास पाहणे.
२. 'पॉड' दस्तऐवज शोधण्याची गरज कोणत्या परिस्थितीत निर्माण झाली याचा शोध घेणे.
३. 'पॉड::फाइंड' या मॉड्यूलच्या कार्यपद्धतीमागील गृहीतके स्पष्ट करणे.
४. देवनागरी मजकुराच्या संदर्भात या गृहीतकांचे परिणाम तपासणे.

अभ्यासपद्धती

निबंधासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. पर्लच्या आवृत्त्यांबरोबर वितरित झालेले दस्तऐवज आणि संबंधित मॉड्यूल्सचा सोर्स कोड यांना प्राथमिक साधनांचे स्थान दिले आहे. सोर्स कोड हेसुद्धा ऐतिहासिक साधन आहे. त्यातील प्रत्येक अट ही त्या काळी कोणाला तरी आलेल्या अडचणीची खूण असते.

स्वतंत्र पुस्तिकेचा काळ

बेल लॅबोरेटरीजमध्ये १९६९ पासून युनिक्स ही कार्यप्रणाली आकारास येऊ लागली. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी सिद्ध केलेल्या तिच्या माहितीपुस्तिकेची पहिली आवृत्ती ३ नोव्हेंबर १९७१ या तारखेची आहे. प्रत्येक कमांडसाठी स्वतंत्र पान, आणि त्या पानावर नाव, वापराचे रूप, वर्णन, संबंधित फाईली, ज्ञात दोष असे ठराविक मथळे, ही शिस्त त्या पुस्तिकेने घालून दिली. ज्ञात दोषांचा मथळा उघडपणे ठेवणे आणि त्या कमांडची जबाबदारी कोणाकडे आहे हे नमूद करणे, ही तिची दोन लक्षणीय वैशिष्ट्ये होत.

पुढे ही पाने 'मॅन' या कमांडच्या साहाय्याने पडद्यावर वाचण्याची सोय झाली. शोधाच्या दृष्टीने ही व्यवस्था सोपी होती. पाने ठरलेल्या डिरेक्टरीत, विभागांच्या क्रमांकानुसार लावलेली असत. कमांडचे नाव हेच फाईलचे नाव असे. शोधणाऱ्याला भटकावे लागत नसे. परंतु आज्ञावली एका जागी आणि तिची माहिती दुसऱ्या जागी असल्याने एकात केलेला बदल दुसऱ्यात होईलच याची खात्री नव्हती. आज्ञावली बदलणाऱ्याने पुस्तिकेचे पान उघडलेच नाही, तर पान जुनेच राही आणि वाचणाऱ्याची दिशाभूल होई. दस्तऐवज सहज सापडत होता. तो खरा आहे की नाही, हा प्रश्न होता.

एकत्रीकरणाचे दोन मार्ग

हे अंतर मिटवण्याचा एक तात्त्विक प्रयत्न स्टॅनफर्ड विद्यापीठातील डोनाल्ड नूथ यांनी केला. १९८४ मध्ये 'द कॉम्प्युटर जर्नल' या नियतकालिकात त्यांनी 'लिटरेट प्रोग्रॅमिंग' ही संकल्पना मांडली. आज्ञावली ही मुख्यतः माणसाने वाचावयाची कृती आहे, अशी त्यांची भूमिका होती. त्यांच्या 'वेब' या प्रणालीत लेखक एकच मूळ मसुदा लिहितो. 'टँगल' हे साधन त्यातून यंत्रासाठी पास्कल भाषेतील आज्ञावली काढते आणि 'वीव्ह' हे साधन त्यातूनच छपाईयोग्य ग्रंथ तयार करते. ही पद्धत विचाराने समृद्ध असली तरी लेखकाकडून साहित्यिक शिस्तीची अपेक्षा करणारी होती. दोन साधनांच्या प्रक्रियेतून गेल्याशिवाय आज्ञावली चालत नसे.

दुसरा मार्ग व्यवहारातून निघाला. भाषाशास्त्राचे शिक्षण घेतलेल्या लॅरी वॉल यांनी १८ डिसेंबर १९८७ रोजी पर्ल भाषेची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. आरंभीच्या आवृत्त्यांत भाषेची सर्व माहिती एकाच प्रदीर्घ मॅन-पानात दिलेली असे. याच काळात पर्लच्या छोट्या आज्ञावलींसाठी एक चतुर युक्ती वापरात आली. फाईलच्या आरंभी एकेरी अवतरणचिन्हाने सुरू होणाऱ्या एक-दोन ओळी घातल्या जात. पर्लच्या दृष्टीने त्या ओळी म्हणजे काहीही परिणाम न करणाऱ्या अक्षरमाला असत. मॅन-पाने मांडणाऱ्या 'एनरॉफ' या साधनाच्या दृष्टीने मात्र त्या पुढील भाग वगळण्याच्या सूचना ठरत. आज्ञावली संपली की त्याच फाईलमध्ये मॅन-पानाचा मजकूर येई. अशा रीतीने एकच फाईल दोन वाचकांसमोर दोन रूपांत उभी राहत असे.

ही युक्ती कोणालाही सहज शिकता येण्याजोगी नव्हती. मात्र तिने एक गोष्ट सिद्ध केली. आज्ञावली आणि दस्तऐवज यांना एकत्र नांदवण्यासाठी नूथ यांच्याप्रमाणे मसुद्याची पुनर्रचना करण्याची आवश्यकता नाही; दोन वाचकांनी एकमेकांचा भाग ओलांडून पुढे जाण्याची काही खूण ठरवली तरी पुरे. पुढे आलेल्या 'पॉड' पद्धतीचे बीज या जाणिवेत आहे.

पर्ल ५ आणि 'पॉड' पद्धतीचा उदय

१७ ऑक्टोबर १९९४ रोजी पर्लची पाचवी आवृत्ती प्रसिद्ध झाली. मॉड्यूल्सची व्यवस्था हा तिचा सर्वांत दूरगामी बदल होय. या आवृत्तीबरोबरच 'प्लेन ओल्ड डॉक्युमेंटेशन', संक्षेपाने 'पॉड', ही लेखनपद्धती रूढ झाली. साधे, जुन्या वळणाचे दस्तऐवजीकरण, असा या नावाचा अर्थ आहे आणि तो तिच्या वृत्तीला साजेसा आहे.

पॉडचा नियम एका वाक्यात सांगता येतो. जेथे नवे विधान सुरू होऊ शकते अशा ठिकाणी ओळीच्या अगदी आरंभी बरोबरचे चिन्ह आणि त्याला लागून एखादा शब्द आला की तेथून दस्तऐवज सुरू झाला, असे पर्लचा इंटरप्रिटर समजतो. 'कट' या शब्दाची तशीच ओळ येईपर्यंतचा सर्व मजकूर तो ओलांडून जातो. मथळ्यासाठी 'हेड', यादीसाठी 'ओव्हर', 'आयटम' आणि 'बॅक' असे मोजकेच शब्द योजलेले आहेत. याउलट पॉड वाचणारे साधन आज्ञावलीचा भाग ओलांडते आणि फक्त दस्तऐवज उचलते. त्यातून मॅन-पान, साधा मजकूर किंवा एचटीएमएल पान तयार करता येते. नाव, वापराचे रूप, वर्णन हे १९७१ च्या युनिक्स पुस्तिकेतील मथळे पॉडमध्येही तसेच चालू राहिले, हे सातत्य लक्षात घेण्यासारखे आहे.

पॉडने लेखकाचे श्रम कमी केले. एखादे कार्य लिहिताना त्याच्या वरच त्याची माहिती लिहावी आणि कार्य बदलले की समोर दिसणारी माहितीही बदलावी, ही सवय त्यामुळे शक्य झाली. सवय पाळली जाईलच याची हमी कोणतीही पद्धत देऊ शकत नाही. पण पान दुसरीकडे असल्याची सबब आता उरली नाही.

संग्रहाचा विस्तार आणि शोधाची निकड

१९९५ मध्ये 'सीपॅन' हा पर्ल मॉड्यूल्सचा सार्वजनिक संग्रह सुरू झाला. यार्को हिएतानिएमी आणि अँड्रिआस कोनिग यांचा त्याच्या उभारणीत महत्त्वाचा वाटा होता. जगभरातील लेखकांनी आपली मॉड्यूल्स तेथे ठेवावीत आणि कोणीही ती उतरवून घ्यावीत, अशी ही व्यवस्था आहे. कालांतराने या संग्रहातील मॉड्यूल्सची संख्या दोन लाखांच्या पुढे गेली.

याचा परिणाम प्रत्येक संगणकावर दिसू लागला. पर्लबरोबर आलेली मॉड्यूल्स एका डिरेक्टरीत, स्थानिक पातळीवर बसवलेली दुसऱ्या डिरेक्टरीत, विशिष्ट यंत्ररचनेसाठी असलेली तिसऱ्या डिरेक्टरीत, वापरकर्त्याची स्वतःची चौथ्या डिरेक्टरीत, अशी विभागणी झाली. पर्लची नवी आवृत्ती बसवली की जुन्या आवृत्तीची डिरेक्टरी बहुधा तशीच राही. युनिक्स पुस्तिकेच्या काळात दस्तऐवजांचे घर एकच होते. पॉडच्या काळात आज्ञावलीचे प्रत्येक घर हेच दस्तऐवजाचेही घर झाले.

शिवाय फाईलच्या नावावरून आत दस्तऐवज आहे की नाही हे कळत नाही. 'पीओडी' असे विस्तारनाम असलेली फाईल केवळ दस्तऐवजाची असते. पण 'पीएम' विस्तारनामाच्या मॉड्यूलमध्ये पॉड असेल किंवा नसेल, आणि विस्तारनाम नसलेल्या एखाद्या कमांडच्या फाईलमध्येही ते असू शकते. एका ठराविक नावाचा दस्तऐवज दाखवण्यासाठी 'पर्लडॉक' ही कमांड उपलब्ध होती. परंतु संगणकावर एकूण कोणकोणते दस्तऐवज आहेत, त्यांची यादी कशी करावी, हा प्रश्न ज्याने त्याने आपल्यापुरता सोडवावा अशी स्थिती होती. पर्लमध्ये 'टीके' ही चित्रमय सुविधा आणणारे निक इंग-सिमन्स यांनी पॉड दस्तऐवजांची एचटीएमएल पाने करण्यासाठी लिहिलेल्या 'पॉडटूएचटीएमएल' या साधनात असा शोध घेणारा भाग होता. एकाच कामासाठी लिहिलेला हा भाग सर्वांना वापरता येईल अशा स्वरूपात आणणे, ही पुढची स्वाभाविक पायरी होती.

'पॉड::फाइंड' : तीन प्रश्नांची उत्तरे

मारेक रूखल यांनी इंग-सिमन्स यांच्या संकेताचा मोठा आधार घेऊन 'पॉड::फाइंड' हे मॉड्यूल सिद्ध केले आणि ही उसनवार त्याच्या दस्तऐवजात मोकळेपणाने नमूद केली. ब्रॅड ॲपलटन यांच्या 'पॉड::पार्सर' या संचाचा भाग म्हणून ते मार्च २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पर्ल ५.६ बरोबर मूळ वितरणात आले. या मॉड्यूलमध्ये मुख्यतः चार कार्ये आहेत : डिरेक्टरी-वृक्षातील सर्व दस्तऐवजांची यादी करणारे, एका नावाच्या दस्तऐवजाचे ठिकाण सांगणारे, एखाद्या फाईलमध्ये पॉड आहे की नाही हे तपासणारे आणि फाईलच्या नावातील विस्तारनाम काढून टाकणारे. सूचिकाराला पडणाऱ्या तीन मूलभूत प्रश्नांची उत्तरे या कार्यांत मिळतात.

पहिला प्रश्न, कोठे पाहावे? वापरकर्ता डिरेक्टरींची नावे स्वतः देऊ शकतो. किंवा पर्ल स्वतः मॉड्यूल्स ज्या मार्गांवर शोधतो त्या सर्व मार्गांचा विचार करावा, अशी सूचना देऊ शकतो. दुसऱ्या पर्यायाचे महत्त्व मोठे आहे. आज्ञावली चालवताना इंटरप्रिटर ज्या क्रमाने शोध घेतो, त्याच क्रमाने दस्तऐवजाचाही शोध घेतला जातो. पर्लच्या कमांड ज्या डिरेक्टरीत बसवलेल्या असतात तीही शोधात घेण्याची सोय आहे. प्रत्येक डिरेक्टरीतून तिच्या उपडिरेक्टरींत उतरताना, एकदा पाहिलेली डिरेक्टरी पुन्हा पाहिली जाऊ नये याची नोंद ठेवली जाते.

दुसरा प्रश्न, कशाला दस्तऐवज मानावे? येथे तीन चाळण्या लावल्या जातात. फाईल मजकुराची असावी. तिला पर्लचे परिचित विस्तारनाम असावे किंवा ती चालवता येण्याजोगी असावी. आणि तिच्यात ओळीच्या आरंभी पॉडची एखादी तरी खूण प्रत्यक्ष आढळावी. पहिल्या दोन चाळण्या वेळ वाचवण्यासाठी आहेत आणि तिसरी निर्णयासाठी. फाईल उघडून वाचली जाते, पण चालवली जात नाही, हेही महत्त्वाचे आहे. एप्रिल २००१ मध्ये पायथन २.१ बरोबर आलेले 'पायडॉक' हे साधन माहिती दाखवण्यासाठी मॉड्यूल आयात करते. त्यामुळे त्या मॉड्यूलमधील वरच्या पातळीवरील आज्ञा प्रत्यक्ष अमलात येतात. पॉडचा शोध घेणारा मात्र पोथी उघडून पाहतो, तिच्यातील मंत्र म्हणत नाही. अनोळखी संग्रह चाळताना ही तटस्थता मोलाची ठरते.

तिसरा प्रश्न, नोंद कोणत्या नावाने करावी? पॉडच्या पहिल्या मथळ्याखाली लेखकाने मॉड्यूलचे नाव लिहिलेले असते. परंतु 'पॉड::फाइंड' त्यावर विसंबत नाही. ते फाईलच्या मार्गावरून नाव ठरवते. शोधाच्या आरंभबिंदूखालील 'टेक्स्ट' या डिरेक्टरीत 'रॅप' नावाची मॉड्यूल-फाईल असेल तर तिची नोंद 'टेक्स्ट::रॅप' अशी होते. आवृत्तिक्रमांकाच्या डिरेक्टरी किंवा स्थानिक मॉड्यूल्सची डिरेक्टरी यांची नावे नोंदीत घुसू नयेत, आणि चालू इंटरप्रिटरशी न जुळणाऱ्या आवृत्तीच्या डिरेक्टरी वगळल्या जाव्यात, यासाठी पर्लसापेक्ष आडाखे वापरण्याचा स्वतंत्र पर्याय आहे. ग्रंथालयाच्या भाषेत सांगावयाचे तर येथे ग्रंथाच्या मुखपृष्ठापेक्षा कपाटातील जागेला प्रमाण मानले आहे. पर्लमध्ये मॉड्यूलचे नाव आणि फाईलचा मार्ग यांचा मेळ असल्याशिवाय मॉड्यूल नावाने सापडतच नाही, म्हणून हा निर्णय व्यवहार्य ठरला.

झाकले गेलेले दस्तऐवज

एकाच नावाचे मॉड्यूल दोन ठिकाणी असणे ही पर्लच्या जगात सामान्य गोष्ट आहे. मूळ वितरणाबरोबर जुनी प्रत आलेली असते आणि सीपॅनवरून नवी प्रत बसवलेली असते. इंटरप्रिटर शोधमार्गावर प्रथम आढळणारी प्रत घेतो. दुसरी तिच्यामुळे झाकली जाते. यादी करताना 'पॉड::फाइंड' अशी दुहेरी नोंद आढळल्यास इशारा देऊ शकते, तर ठिकाण सांगणारे कार्य पहिलेच ठिकाण सांगते.

ही बाब केवळ तांत्रिक नाही. दस्तऐवज फाईलच्या आतच असल्यामुळे आणि शोधाचा क्रम इंटरप्रिटरच्या क्रमाशी जुळत असल्यामुळे, सापडलेला दस्तऐवज हा प्रत्यक्ष चालणाऱ्या आज्ञावलीचाच असण्याची शक्यता फार वाढते. छापील पुस्तक किंवा आंतरजालावरील पान ही खात्री देऊ शकत नाही. तेथे बहुधा नवीनतम आवृत्तीची माहिती असते, मग वाचकाच्या संगणकावर दहा वर्षांपूर्वीची प्रत का असेना. एखाद्या प्रयोगशाळेतील जुन्या संगणकावर विद्यार्थी नव्या माहितीनुसार आज्ञा लिहितो आणि ती चालत नाही, तेव्हा दोष त्याचा नसून दोन काळांतील अंतराचा असतो.

या व्यवस्थेतही एक फट आहे. काही लेखक दस्तऐवज मॉड्यूलमध्ये न लिहिता शेजारी वेगळ्या पॉड फाईलमध्ये लिहितात. तसे केले की जुन्या युनिक्स पानांचा दोष पुन्हा डोके वर काढतो : एक प्रत बदलते, दुसरी राहून जाते, आणि शोधसाधनाला दोन्ही सारख्याच विश्वासार्ह वाटतात.

'मजकूर' कशाला म्हणावे? : देवनागरीच्या संदर्भात

वर उल्लेखिलेल्या चाळण्यांपैकी पहिली चाळणी, म्हणजे फाईल मजकुराची आहे की नाही ही तपासणी, वरवर निरुपद्रवी दिसते. त्यासाठी पर्लमधील एक अंगभूत कसोटी वापरली जाते. तीत फाईलचा आरंभीचा भाग वाचून त्यातील 'विचित्र' चिन्हे मोजली जातात. नियंत्रक चिन्हे आणि ज्या संकेतांचा सर्वांत वरचा बीट चालू आहे अशी चिन्हे विचित्र मानली जातात. त्यांचे प्रमाण सुमारे एक-तृतीयांशाहून अधिक असेल तर ती फाईल मजकुराची नव्हे, असा निर्णय होतो. इंग्रजीची सात बीटांची आस्की ही संकेतावली गृहीत धरली तर हा नियम योग्यच आहे.

परंतु भारतीय भाषांसाठी १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून स्वीकारलेली 'इस्की' ही संकेतावली वेगळ्या तत्त्वावर उभी होती. तिने खालचा अर्धा भाग आस्कीसाठी राखला आणि वरच्या अर्ध्या भागात भारतीय लिप्यांची अक्षरे बसवली. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेच्या जिस्ट तंत्रज्ञानाने या संकेतावलीचा प्रसार केला. इस्कीतील प्रत्येक देवनागरी अक्षराच्या संकेताचा वरचा बीट चालू असतो. साहजिकच, ज्या फाईलच्या आरंभी बहुतांश मजकूर इस्कीतील मराठीत आहे, ती या कसोटीनुसार मजकुराची ठरत नाही. तिच्यात पॉडच्या सर्व खुणा बिनचूक असल्या तरी त्या पाहण्याची वेळच येत नाही. फाईल पहिल्याच दारात अडते. सूचीत तिची नोंद होत नाही आणि ती राहून गेल्याचा इशाराही वापरकर्त्यास सहसा मिळत नाही.

युनिकोडच्या यूटीएफ-८ या रूपातही देवनागरी अक्षरासाठी तीन बाइट लागतात आणि तिन्हींचा वरचा बीट चालूच असतो. मोजणीच्या नियमाने तीही फाईल बाहेर राहिली असती. मात्र बाइटांची रचना यूटीएफ-८ च्या नियमांत बसत असेल तर त्यांना विचित्र मानू नये, अशी सवलत पर्लच्या कसोटीत समाविष्ट झाली. पुढे २००२ च्या पर्ल ५.८ बरोबर आलेल्या पॉडच्या तपशीलवार नियमावलीत दस्तऐवजाची संकेतावली आरंभीच घोषित करणाऱ्या 'एन्कोडिंग' या खुणेलाही स्थान मिळाले. अशा रीतीने मराठीत लिहिलेला पॉड दस्तऐवज सूचीत येण्याचा मार्ग मोकळा झाला. तो युनिकोडमध्ये असेल तर.

या तपशिलाचे ऐतिहासिक महत्त्व असे की, येथे कोणाचाही वगळण्याचा हेतू नव्हता. एका भाषेच्या अनुभवावरून बेतलेली एक संख्या, एवढेच कारण होते. परंतु हेतू नसतानाही परिणाम तोच होतो : जे साधनाला दिसत नाही ते संग्रहात नाही, असे वाचक समजतो.

उत्तराधिकारी आणि निवृत्ती

'पॉड::फाइंड' नंतर दोनच वर्षांनी, २००२ मध्ये, शॉन बर्क यांनी पॉड वाचण्यासाठी 'पॉड::सिंपल' हा नवा संच सिद्ध केला. त्यातील 'पॉड::सिंपल::सर्च' हे मॉड्यूल रूखल यांच्या संकेतावर आधारलेले असून, त्याच्या दस्तऐवजात रूखल आणि त्यांच्यामागे इंग-सिमन्स अशी ऋणांची परंपरा नोंदलेली आहे. शोधसाधनाने आपली वंशावळ स्वतःच्या अंतरंगातील दस्तऐवजात जपावी, हे पॉड परंपरेला धरूनच झाले.

नव्या मॉड्यूलने दोन महत्त्वाच्या सुधारणा केल्या. जुन्या यादीत मार्गावरून नाव मिळत असे. नव्या पाहणीत नावावरून मार्ग आणि मार्गावरून नाव अशा दोन्ही सूची मिळतात. तसेच झाकलेल्या प्रतींचीही नोंद हवी असल्यास ती मागता येते, आणि वेग वाढवणारे आडाखे बाजूला ठेवून कसून शोध घेण्याचा पर्यायही देण्यात आला. आपले आडाखे चुकू शकतात, हे साधनाने स्वतःच मान्य केल्याची ही खूण होय. 'पॉड::सिंपल' संच २००७ च्या पर्ल ५.१० बरोबर मूळ वितरणात आला. जून २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पर्ल ५.३२ मधून 'पॉड::पार्सर' आणि त्याच्याबरोबर 'पॉड::फाइंड' वगळण्यात आले. ते नष्ट झाले नाही. सीपॅनवर ते उपलब्ध आहे. वीस वर्षे प्रत्येक नव्या पर्लबरोबर घरोघर गेलेले साधन आता मागणाऱ्यालाच मिळते, एवढा फरक पडला.

दरम्यान वाचकाची सवयही बदलली. पॉड दस्तऐवज आंतरजालावर वाचण्याची सोय देणारे एक प्रमुख स्थळ जून २०१८ मध्ये बंद झाले आणि त्याची जागा 'मेटासीपॅन' ने घेतली. सार्वजनिक सूची अधिक व्यापक असते, यात शंका नाही. परंतु आपल्या समोरच्या संगणकावर काय आहे, हे ती सांगू शकत नाही. त्यासाठी डिरेक्टरी-वृक्षात उतरण्याला आजही पर्याय नाही.

निष्कर्ष

१. दस्तऐवज वेगळा ठेवला तर तो सहज सापडतो, पण जुना पडण्याचा धोका राहतो. आज्ञावलीत ठेवला तर तो अद्ययावत राहण्याची शक्यता वाढते, पण शोधावा लागतो. पॉडच्या इतिहासात एका अडचणीच्या बदल्यात दुसरी अडचण स्वीकारली गेली आणि दुसरीवर यंत्राकरवी उपाय करता आला, म्हणून हा व्यवहार फायद्याचा ठरला.

२. 'पॉड::फाइंड' चे यश त्याच्या गुंतागुंतीत नसून पर्लने आधीच पाळलेल्या संकेतात आहे. नाव आणि मार्ग यांचा मेळ नसता तर सूची करणे इतके सोपे झाले नसते.

३. शोधाचा क्रम आणि आज्ञावली चालवण्याचा क्रम एक ठेवल्यामुळे दस्तऐवजाची विश्वासार्हता वाढते. संगणकविषयक अध्यापनात छापील किंवा आंतरजालावरील माहितीच्या आधी संगणकावर असलेल्या दस्तऐवजाकडे वळण्याची सवय विद्यार्थ्यांना लावणे यासाठी इष्ट आहे.

४. प्रत्येक शोधसाधनात 'दस्तऐवज' या संज्ञेची एक अव्यक्त व्याख्या दडलेली असते. ती व्याख्या एका भाषेच्या सोयीची असेल तर दुसऱ्या भाषेतील साहित्य गाजावाजा न होता सूचीबाहेर राहते. इस्कीतील फाईलींचे उदाहरण हेच दाखवते.

५. जुन्या संकेतावलींत लिहिलेल्या मराठी फाईली महाविद्यालये, ग्रंथालये आणि व्यक्तिगत संग्रहांत आढळल्यास त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करणे हे केवळ वाचनसोयीचे काम नाही. शोधसाधनांच्या दृष्टीने त्यांचे अस्तित्व सिद्ध करण्याचे ते काम आहे.

पुष्पिका लिहिणाऱ्या लेखनिकाने पोथीची ओळख पोथीतच ठेवली; सूचिकाराने ती ओळख वाचकापर्यंत पोहोचवली. पॉडचा लेखक आणि 'पॉड::फाइंड' चा लेखक यांच्यात हीच श्रमविभागणी दिसते. मिळालेली सूची वाचताना अभ्यासकाने, मग तो इतिहासाचा असो वा संगणकाचा, ती कोणत्या नियमांनी केली गेली आणि त्या नियमांनी काय बाहेर राहिले, याचीही विचारपूस केली पाहिजे.